व्हॉल्व्ह बदलला आणि उजवी बाजू ‘कमी’ आली : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या वडिलांचं वय ६८, तीन महिन्यांपूर्वी ओपन हार्ट करून एओर्टिक व्हॉल्व्ह बदलला. ऑपरेशनच्या आधीच्या इकोत टॅप्सी २२ मिमी होता, आता १३ आलाय आणि खाली लिहिलंय ‘आरव्ही फंक्शन रिड्यूस्ड’. ईएफ (डावा खालचा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो) ६० आहे. बाबा तसे मस्त आहेत, दोन मजले चढतात, पायावर सूज नाही. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि ‘असू दे’ एवढंच म्हणाले. पण बाबांच्या मित्राचा व्हॉल्व्ह पायातून वायर घालून बसवला, त्यांचा टॅप्सी आधी होता तेवढाच आहे. मग आमच्या ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?

उत्तर : ताई, ‘असू दे’ हे उत्तर बरोबर होतं, फक्त त्यासोबत दोन वाक्यं जास्त बोलली असती तर तुमची झोप उडाली नसती. आम्हा डॉक्टर लोकांची ही जुनी खोड आहे.

आधी टॅप्सी म्हणजे काय ते बघू. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला आम्ही आरव्ही म्हणतो. त्याचं काम फुप्फुसांकडे रक्त ढकलायचं. त्याची भिंत पातळ, साधारण ३ ते ५ मिमी, कारण त्याला ताकदही कमी लागते, डावा कप्पा १२० च्या प्रेशरने रक्त फेकतो तर उजव्याचं २५ मध्ये भागतं. हा कप्पा दोन प्रकारे आकुंचन पावतो, एक म्हणजे वरून खाली लांबीत आखडतो आणि दुसरं म्हणजे त्याची बाहेरची भिंत लोहाराच्या भात्यासारखी आत दाबली जाते. टॅप्सीमध्ये फक्त पहिली हालचाल मोजतात, ट्रायकस्पिड म्हणजे उजव्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या व्हॉल्व्हचं कडं प्रत्येक ठोक्याला किती मिमी खाली सरकतं ते. १७ च्या वर नॉर्मल. मोजायला एकदम सोपं, अर्ध्या मिनिटाचं काम, म्हणून प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं.

आता ओपन हार्टमध्ये होतं असं की हृदयाभोवतीची पिशवी, पेरिकार्डियम, ती उघडावीच लागते, आणि ती उघडली की आरव्हीची चाल बदलते, लांबीतलं आखडणं कमी होतं आणि भात्यासारखं आत दाबणं वाढतं. ऑपरेशन चालू असताना इको लावून हे बघितलं गेलंय, पिशवी उघडल्यावर काही मिनिटांतच आकडा पडतो, अजून हार्ट-लंग मशीन सुरूही झालेलं नसतं. म्हणजे आरव्हीचा स्नायू खराब झाला म्हणून हा आकडा पडत नाही. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं एकूण रक्त बऱ्याचदा आधीइतकंच असतं. वायरने व्हॉल्व्ह बसवताना पिशवीला हातच लागत नाही, म्हणून बाबांच्या मित्राचा टॅप्सी जागच्या जागी राहिला. दोघांच्या रिपोर्टची तुलना करू नका.

‘पॅराडॉक्सिकल सेप्टल मोशन’ असं काही लिहिलेलं दिसलं तर त्यानेही घाबरू नका, मधला पडदा ओपन हार्टनंतर उलटा हललेला दिसतो, नेहमीचंच आहे. हे बदल वर्ष-वर्ष तसेच राहू शकतात.

मग उजवी बाजू खरंच ठीक आहे हे कसं कळणार? इको करणाऱ्यांना सांगा की टॅप्सीवर थांबू नका, एफएसी पण मोजा, म्हणजे आरव्हीचं क्षेत्रफळ ठोक्यागणिक किती टक्क्यांनी कमी होतं ते, ३५ च्या वर असलं की छान. थ्रीडी इको मिळाला तर आरव्हीचा ईएफ ४५ च्या वर हवा. सोबत आरव्ही फुगलाय का, ट्रायकस्पिड किती लीक होतोय, फुप्फुसाचं प्रेशर किती, आणि पोटातली मोठी शीर, आयव्हीसी, श्वास घेताना आवळते का. हे सगळं ठीक असेल आणि बाबा दोन मजले चढत असतील तर एकट्या १३ ला मी काही किंमत देणार नाही.

पण म्हणून ऑपरेशनने उजव्या बाजूला कधी इजा होतच नाही असंही नाही. पेशंट उताणा झोपलेला असतो आणि उजव्या कॉरोनरीचं, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या रक्तवाहिनीचं, तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे हृदयात राहिलेला हवेचा बुडबुडा नेमका तिकडेच शिरतो. हृदय थांबवून ठेवलेल्या वेळात उजव्या भिंतीला नीट थंडावा मिळाला नाही किंवा फुप्फुसाचं प्रेशर आधीपासूनच चढलेलं असलं तरी त्रास होतो. पण असा झटका टेबलवर किंवा आयसीयूत दिसतो, बीपी पडतं, लघवी कमी होते, औषधांवर औषधं लावावी लागतात. असं काही झालं असतं तर ते तुम्हाला तिथेच कळलं असतं, तीन महिन्यांनी एका आकड्यावरून शोधायची वेळ आली नसती.

जाता जाता एक गंमत. १९४३ साली आयझॅक स्टार आणि त्यांच्या साथीदारांनी कुत्र्यांच्या उजव्या कप्प्याची भिंत जाळून बघितली आणि शिरांमधलं प्रेशर फारसं वाढलंच नाही. त्यामुळे पुढे बरीच वर्षं उजवा कप्पा म्हणजे नुसता पाइप असंच लोक धरून चालले. फुप्फुसाचं प्रेशर चढलं की हाच ‘पाइप’ पेशंटचा जीव घेऊ शकतो, हे पचायला वेळ लागला.

प्रश्न : आईचा मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधला) सहा वर्षांपूर्वी बदललाय, मेकॅनिकल आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा डोस तोच आहे पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) अचानक ४.८ आला. गेला महिनाभर पायावर सूज, पोट भरल्यासारखं वाटतं, जेवण जात नाही. आम्ही गोळी अर्धी केली. घरात पाण्याची गोळी (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी) पडून आहे, ती देऊ का?

उत्तर : नका देऊ, आणि वॉरफरिनही मनाने अर्धी-पाव करू नका. या आठवड्यातच आईंना दाखवून घ्या, आणि कुठून रक्त येत असेल किंवा धाप वाढत असेल तर आजच.

तुम्ही आयएनआर वेगळा आणि सूज वेगळी धरताय, मला तर या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या वाटतात. उजवी बाजू थकली की रक्त मागे तुंबतं, आधी मानेच्या शिरा फुगतात, मग लिव्हर, मग पाय. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं आणि वॉरफरिनचा निकालही तिथेच लागतो, त्यामुळे लिव्हर सुजलं की तोच डोस जास्त पडतो. वर जेवण कमी म्हणजे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन केही पोटात कमी. नवीन अँटिबायोटिक किंवा पेनकिलर सुरू झालंय का तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही हा आकडा चढतो. मायट्रलच्या मेकॅनिकल व्हॉल्व्हला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात.

आता उजवी बाजू का थकली असेल? मायट्रल खराब असलेल्या वर्षांत फुप्फुसाचं प्रेशर चढलेलं असतं, ट्रायकस्पिडचं कडं ताणलं गेलेलं असतं, आणि डावीकडचा व्हॉल्व्ह बदलला की ते आपोआप आवळेल असं धरून चालता येत नाही. म्हणून हल्ली कडं ४० मिमीच्या वर असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये रिंग टाकून घेण्याचा विचार करतात. शिवाय ठोके अनियमित असतील, एट्रियल फिब्रिलेशन, तर उजवा वरचा कप्पा फुगून लीक अजून वाढतो. पण सगळ्यात आधी तपासायचा तो बदललेला व्हॉल्व्हच. त्यावर गुठळी धरली असेल, कडेने लीक असेल, तर बिघाड डावीकडे आणि तक्रार उजवीकडे असं चित्र दिसतं. छातीवरून नीट दिसलं नाही तर अन्ननलिकेतून इको करतात. व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज दबका झाला असेल किंवा ऐकूच येत नसेल तर वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

तोवर रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन घ्या आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. पाण्याची गोळी बहुतेक लागेलच, पण किडनी, पोटॅशियम आणि बीपी बघून. फुप्फुसाचं प्रेशर खूप असेल तर एकदम पाणी काढल्यावर बीपी कोसळू शकतं.

प्रश्न : आरव्हीसाठी एमआरआय सांगितलाय. व्हॉल्व्ह धातूचा आहे, मशीन खेचून तर घेणार नाही ना?

उत्तर : नाही हो. आजच्या मेकॅनिकल व्हॉल्व्हची पाती कार्बनची असतात आणि कड्यातला धातू चुंबकाला दाद देत नाही. व्हॉल्व्हच्या जागी फोटोत एक काळा डाग येतो, बस. आरव्हीचा आकार इतका वेडावाकडा आहे की त्याचं माप घ्यायला एमआरआयएवढं भरवशाचं दुसरं काही नाही. व्हॉल्व्हसोबत मिळालेलं कार्ड घेऊन जा आणि पेसमेकर असेल तर आधीच फोनवर सांगा, खरी अडचण झालीच तर त्याची होते.