प्रकाशाच्या जाळीतली नक्षी: लेझरची की अणूंची?

प्रश्न थोडक्यात असा: "मी फोंड्याला बी.एस्सी. करतो. अतिथंड वायूतले अणू लेझरच्या जाळीवर स्फटिकासारखी नक्षी करतात असं वाचलं. पण जाळीच लेझरने आखली असेल, तर नक्षीही लेझरचीच ना? आणि हे पाणी गोठून बर्फ होण्यासारखंच आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. पहिल्याचं 'कधी हो, कधी नाही', आणि खरी गंमत त्या 'नाही'त आहे.

आधी जाळी. समोरासमोरून सोडलेले दोन लेझर झोत मिसळले की उभी लाट तयार होते आणि तिच्यात अर्ध्या तरंगलांबीवर एकेक खळगा पडतो. 1064 नॅनोमीटरचा लेझर असेल, तर दर 532 नॅनोमीटरला एक. नॅनोकेल्विनच्या घरात, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेला, हवेपेक्षा लाखपट तरी विरळ असा रुबिडियमचा वायू यात सोडला की अणू खळग्यांत राहतात, पण अडकून पडत नाहीत. टनेलिंगने, म्हणजे मधला उंचवटा ओलांडायची ऊर्जा नसतानाही, शेजारच्या खळग्यात जात राहतात.

2002 साली म्युनिकमध्ये ग्रायनर, ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी लेझरची तीव्रता वाढवत नेऊन हे जाणं-येणं थांबवलं. प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने अणू बसले. याला मॉट इन्सुलेटर म्हणतात. तीव्रता पुन्हा उतरवल्यावर काही मिलिसेकंदांत अणू परत एकसंध सुपरफ्लुइड, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा द्रव्यप्रवाह, झाले. मी मडगावला कॉलेजात शिकवायचो तेव्हा पोरं हमखास 'तापमान उतरलं म्हणून रचना आली' असं लिहायची. इथे थर्मामीटरचा संबंधच नाही. अणूची पलीकडे सरकण्याची ओढ आणि एकमेकांना दूर लोटण्याची ताकद यांच्यातली ही झुंज आहे. लेझरच्या बटणाने पारडं इकडचं तिकडे होतं.

तरीही मॉट अवस्थेला मी स्फटिक म्हणणार नाही. तिथली मांडणी लेझरचीच. रुबिडियमचे अणू एकाच खळग्यात आले तरच एकमेकांना ढकलतात, शेजारी कोण आहे याची त्यांना फारशी फिकीर नसते. म्हणून सगळे खळगे एकसारखेच दिसतात.

शेजाऱ्याची फिकीर सुरू झाली की चित्र पालटतं. फोंडा-पणजी कदंब बसमध्ये सुरुवातीचे उतारू कसे बसतात आठवा. सीटा ठोकल्या कारखान्यात, पण शेजारची सोडून बसायचं हे ठरवतात उतारू. निम्मेच खळगे भरतील इतके अणू असतील आणि ते लांबूनही एकमेकांना लोटत असतील, तर बुद्धिबळाच्या पटासारखी रचना होते: काळं घर भरलेलं, पांढरं रिकामं. जाळीत काळं-पांढरं असं काही नसतंच. तो भेद अणू करतात.

हे लांबून लोटणं येतं कुठून? एक वाट चुंबकीय अणूंची. एर्बियमचं चुंबकीय आघूर्ण 7 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) आहे, रुबिडियमचं फार तर 1. परस्परक्रिया वर्गाने वाढते, म्हणजे तेवढ्याच अंतरावर किमान 49 पट. हार्वर्डमध्ये ग्रायनर यांच्याच गटाने एर्बियम वापरून 2023 साली अशा रचना अणू-अणू मोजून दाखवल्या. चुंबकीय क्षेत्र जाळीच्या प्रतलाला लंब असेल तर बुद्धिबळाचा पट, प्रतलाकडे झुकवलं तर पट्टे. जाळी तीच, नक्षी वेगळी.

तुमच्या शंकेला सर्वांत थेट उत्तर मात्र झुरिकच्या 2010 च्या प्रयोगात आहे. तिथे वायू दोन आरशांमध्ये ठेवला होता. आरशांत घोळणाऱ्या प्रकाशामुळे प्रत्येक अणूला बाकी सगळ्यांची खबर लागते. बाजूने टाकलेल्या लेझरची तीव्रता एका मर्यादेपुढे गेली की अणू पटाच्या 'सम' किंवा 'विषम' घरांत जमा होतात. दोन्हींत ऊर्जा सारखीच, त्यामुळे प्रयोग पुन्हा केला की कधी ही घरं भरतात, कधी ती. कोणती भरली ते आरशातून निसटणाऱ्या प्रकाशाच्या कलेवरून (फेजवरून) कळतं. लेझर तोच असून निवड बदलते, म्हणजे ती लेझरची नव्हे. शिवाय पट तयार होऊनही वायूची सुपरफ्लुइड एकसंधता टिकते. अशा अवस्थेला सुपरसॉलिड म्हणतात. कदंबाचा दाखला इथे संपला: सीटवर बसलेले उतारू असे वाहत नाहीत.

बी.एस्सी.ला मॅट्रिक्स शिकला असाल तर शेजाऱ्याला लोटणाऱ्या अणूंचा पट घरी संगणकावर करून पाहता येईल. 4 × 4 ची जाळी, कडा एकमेकींना जोडलेल्या, 8 अणू, एका खळग्यात एकच. एकूण 12,870 अवस्था होतात. पायथनमध्ये विरळ मॅट्रिक्स (बहुतेक आकडे शून्य असलेलं) घेतलं तर साधा लॅपटॉप पुरतो, पावसात लाइट गेली तरी बॅटरीवर निभतं. शेजारच्या खळग्यात उडी मारण्याची ताकद t, शेजाऱ्याला लोटण्याची V. मोठ्या चौकोनी जाळीत V ही 2t च्या पुढे गेली की पट उमटतो, तुमच्या लहान जाळीत तो बदल हळूहळू दिसेल. सरासरी घनता प्रत्येक खळग्यात 0.5 च येईल. प्रोग्राम चुकला असं समजू नका: लहान जाळीत दोन्ही पट एकत्र मिसळलेले असतात. एका खळग्यात अणू असताना शेजारच्यात असण्याची शक्यता किती, ते काढा. V वाढवाल तशी ती शून्याकडे घसरत जाईल.