कोविडची ड्युटी संपली, झोप कुठं गेली?

मागच्या अंकात झोपेवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती बरीचशी नेहमीचीच, चहा, मोबाइल, म्हातारपण वगैरे. पण काही पत्रं वेगळी निघाली. वरवर तक्रार झोपेची आणि जरा खाली गेलं की सगळं २०२०-२१. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तरी ही मंडळी अजून त्या दुसऱ्या लाटेतच अडकलीत. त्यातल्या चौघांना इथं उत्तर देतोय. नावं-गावं अर्थातच काढलीत.

प्रश्न : डॉक्टर, मी स्टाफ नर्स, वय ३६. दुसऱ्या लाटेत जंबो सेंटरच्या आयसीयूत ड्युटी होती. आता एका छोट्या प्रसूतिगृहात आहे, इथं सगळं आनंदाचंच काम, तरी मॉनिटरचा अलार्म वाजला की मला घाम फुटतो, हात थरथरतात. तेव्हा एक काका होते, त्यांचं सॅच्युरेशन उतरत होतं आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, एकच शिल्लक होतं, ते सरांनी शेजारच्या बेडला लावायला सांगितलं. मीच लावलं. काका माझ्याकडे बघत होते, ते अजून दिसतात. मिस्टर म्हणतात आता कशाला उकरून काढतेस, सगळ्यांनीच भोगलंय. मध्ये टीव्हीवर नवीन व्हेरियंट म्हणून दाखवायला लागले तर मी रात्रभर बसून होते. हा आजार आहे का? एवढ्या उशिरा होतो का? आणि मानसोपचारांची फाइल झाली तर नोकरीला अडचण येईल का?

उत्तर : ताई, तुमचे मिस्टर चुकीच्या हेतूनं म्हणत नसतील, पण तुम्ही काही उकरून काढत नाही आहात, ते आपोआप वर येतंय, आणि हाच तर त्रास आहे. अलार्म वाजला की अंगानं आधी घाबरायचं आणि डोक्यानं मागून सांगायचं की अगं इथं बाळंतीण आहे, काही झालेलं नाही, तोच चेहरा परत परत दिसणं, बातमी लागली की झोप उडणं, हे सगळं पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराच्या, वर्णनात बसतं. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी करत नाही, पण तपासून घ्यायला हवं एवढं नक्की.

उशिराचं म्हणाल तर होतं. लक्षणं पूर्णपणे दिसायला सहा महिन्यांहून जास्त लागलेली माणसं आम्ही बघतो. बरेचदा असं होतं की कामाच्या रेट्यात माणूस टिकून राहतो आणि जरा निवांत जागी आला की मग सुरू होतं. आता प्रसूतिगृहात तुम्हाला थांबायला वेळ मिळाला.

आणि एकट्या तुम्ही नाही. २००३ ला सार्स, कोविडच्याच जातीचा श्वसनाचा आजार, आला तेव्हा कॅनडात टोरोंटोच्या हॉस्पिटलांना जबर फटका बसला होता. एक-दोन वर्षांनी तिथल्या स्टाफची पाहणी झाली, तर ज्या हॉस्पिटलांत सार्सचे पेशंट नव्हतेच तिथल्या स्टाफपेक्षा यांच्यात मनाचा ताण आणि कामाचा उबग जास्त दिसला, कोणी ड्युटीचे तास कमी केले होते, कोणी पेशंटपासून लांबची कामं मागून घेतली होती, कोणाची दारू-सिगारेट वाढली होती. म्हणजे साथ गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी. त्याच पाहणीत हेही दिसलं की ज्यांना ट्रेनिंग आणि पाठिंबा नीट मिळाला असं वाटत होतं त्यांचा त्रास कमी होता. आपल्याकडे टाळ्या-थाळ्या मिळाल्या, बदली ड्युटी आणि धड झोपायची जागा कितीजणींना मिळाली हे तुम्हीच जास्त चांगलं सांगाल. कोविडच्या अगदी सुरुवातीला चीनमध्ये ३४ हॉस्पिटलांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सना विचारलं होतं, तेव्हा निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती आणि प्रत्यक्ष कोविड पेशंट सांभाळणाऱ्यांत, त्यातही नर्सेसमध्ये, त्रास जास्त होता. ही प्रश्नावलीतली लक्षणं आहेत, प्रत्येकाला आजारच होता असं नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता त्या काकांबद्दल. हे मी भीतीपासून वेगळं धरतो. अलार्मला घाबरणं ही भीती झाली, पण ‘मीच लावलं’ हे वाक्य भीतीचं नाही. आपल्या मनाला जे पटत नाही ते आपल्याच हातून करावं लागलं की एक वेगळीच जखम होते आणि ती सुट्टी घेऊन किंवा प्राणायाम करून भरत नाही. मशीन एक आणि माणसं दोन, ही परिस्थिती तुम्ही तयार केलेली नव्हती, निर्णयही तुमचा नव्हता. पण हे मी इथं लिहून तुम्हाला लगेच सुटल्यासारखं वाटेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यासाठी ते सगळं एकदा कोणाजवळ तरी पूर्ण सांगावं लागतं, सरांनी काय म्हटलं, तुम्ही काय केलं, काका कसे बघत होते, मध्येच न थांबता. तेव्हाची एखादी जोडीदार सिस्टर संपर्कात असेल तर तिला फोन करा. तिच्याकडेही एखादे काका असतीलच.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. या त्रासासाठी खास बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करवत त्या आठवणींवर काम करायची थेरपी), साधारण काही महिने आठवड्याला एकदा बसायचं. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखी नैराश्य-चिंतेवरची गोळी, ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. एक मात्र स्पष्ट सांगतो कारण तुम्ही नर्स आहात आणि औषधांची ट्रॉली तुमच्या हाताशी असते, झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी स्वतःच्या मनानं सुरू करू नका. केली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना खरं सांगा. ती गोळी एक रात्र काढून देते, हा त्रास तिनं जात नाही आणि सवय मात्र पक्की लागते.

फाइलची भीती जवळजवळ प्रत्येक नर्स आणि डॉक्टर मला विचारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर ती तुमच्या मॅनेजमेंटला सांगू शकत नाहीत. मेडिक्लेममध्येही मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरायचा असं त्याच कायद्यात आहे. तरी ओळखीच्या हॉस्पिटलात जायचा संकोच वाटत असेल तर सुरुवात टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरनं करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय २९. तेव्हा मी मेडिकल दुकानात काउंटरला होतो. लॉकडाऊनमध्येही दुकान चालू. एप्रिल २०२१ ला आधी मला ताप आला, मग वडिलांना. मी बरा झालो, ते गेले. बॉडी दिली नाही, नगरपालिकेच्या लोकांनीच सगळं केलं, मी लांबून बघितलं. सरकारचे पन्नास हजार आले ते आईनं अजून खात्यातून काढलेले नाहीत. मी वडिलांच्या सिमला दर महिन्याला रिचार्ज मारतो. मीच आणला तो घरात, हे डोक्यातून जात नाही. आईशी या विषयावर कधी बोललोच नाही.

उत्तर : कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण करू शकतो, काहींना तर लक्षणंच येत नाहीत, आणि लागण झाल्यापासून ताप यायला कोणाला दोन दिवस लागतात तर कोणाला दहा-बारा. त्यामुळे ताप आधी कोणाला आला यावरून कोणी कोणाला दिला हे ठरत नाही. त्या महिन्यात तर दूधवाला, भाजीवाला, शेजारी, कुठूनही आला असेल.

हे सगळं तुम्हाला पाठच असणार, काउंटरवर उभं राहून तुम्हीच शंभर लोकांना सांगितलं असेल. तरी टोचतं, कारण हिशोबानं अपराधीपण फिटत नाही. तुम्ही आईशी बोलला नाहीत म्हणता ना, तर मला आलेला एक अनुभव सांगतो. अशा घरांतली माणसं मी एकेकटी बसवून बोललोय आणि मुलगा म्हणतो मी आणला, आई म्हणते मी त्या दिवशी भाजी आणायला गेले होते, सून म्हणते माझ्या माहेरची माणसं येऊन गेली होती. सगळे मनात एकच गोष्ट धरून बसलेले आणि एकाच ताटलीत जेवतायत. तुमच्या आईनं ते पैसे का काढले नाहीत हे तुम्ही तिला विचारून बघा. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही, पण विषय तिथूनच निघेल.

सिमचं रिचार्ज चालू ठेवा, त्यात वेडेपणा काही नाही. पण वडिलांचा विषय निघाला की तुम्ही उठून जाता का, त्यांच्या खोलीला हात लावला नाहीत का, लग्न-नोकरी सगळं ‘नंतर बघू’ म्हणून थांबलंय का, हे बघा. सहा महिन्यांनंतरही दुःख रोजच्या जगण्याला असंच अडवून धरत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला वेगळं नाव आहे, लांबलेला शोक, आणि त्याचं समुपदेशन नैराश्याच्या समुपदेशनापेक्षा वेगळं असतं. तुम्हाला पाच वर्षं होत आली. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत हे सांगा की अंत्यविधी करता आला नाही. तेरावं राहिलं असेल, वर्षश्राद्ध चार माणसांत उरकलं असेल, तर ते आता करा, पितृपक्षात करा, त्यांच्या वाढदिवसाला करा, भटजी नको असतील तर नुसतं नातेवाइकांना जेवायला बोलवा आणि वडिलांबद्दल बोला. गावात कोणी नावं ठेवणार नाही, अर्ध्या घरांचं असंच राहिलंय.

प्रश्न : आमचे मालक स्मशानभूमीत कामाला आहेत. कोरोनात रात्रंदिवस सरणं पेटत होती, तेव्हा वास सहन होत नाही म्हणून थोडी घ्यायचे, आता रोजची झाली, सकाळीसुद्धा हात कापतो म्हणून घेतात. दवाखान्यात यायला तयार नाहीत. एकानं पावडर दिलीय, जेवणात गुपचूप घालायची म्हणतो. घालू का?

उत्तर : नाही ताई, घालू नका. अशा पावडरींत बरेचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की उलट्या, छातीत धडधड, बीपी कोसळणं, माणूस दगावूही शकतो. माणसाला माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं औषध आहे ते.

दुसरं, चिडून बाटली फोडून दारू एकदम बंद करायला लावू नका. सकाळी हात कापतो म्हणजे शरीराला तिची सवय झालीय, एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात औषधांखाली सोडवतात, तसंच करायचं. दवाखान्याला ‘नाही’ म्हणतात ना, मग दारूचं नाव न काढता ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणून न्या, झोप त्यांचीही गेलेलीच असणार. आणि तिथल्या डॉक्टरांना कोरोनातल्या कामाचं तुम्ही स्वतः सांगा, कारण ते सांगणार नाहीत आणि कोणी विचारणारही नाही. कोविड योद्धा म्हणून फोटो डॉक्टर-पोलिसांचे लागले, नर्सचेही लागले थोडे, यांचा कोणी लावला मला तरी आठवत नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ला घरोघर फिरले, ऑक्सिजन मोजले, शिव्या खाल्ल्या, गल्लीतली माणसं गेलेली बघितली. मला आता काहीच होत नाही, झोपही लागते. बाकीच्या बायका रडतात. मी दगड आहे का? आमच्याकडे ताणमुक्ती शिबिर आहे, तिथं सगळ्यांनी अनुभव सांगायचेच असं सांगितलंय.

उत्तर : छे हो, कसला दगड! असल्या संकटातून गेलेली बरीचशी माणसं आपापल्या पायावरच बाहेर येतात. झोप आहे, भूक आहे, कामात मन आहे, तर स्वतःला खोदत बसू नका.

शिबिरात बोलावंसं वाटलं तर बोला, नाही तर ‘मी ऐकते’ म्हणा. सगळ्यांना एकदाच बसवून प्रसंग तपशीलात वदवून घ्यायचे, याचा अभ्यास झालेला आहे, त्यानं पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींना वाढतो. सक्ती करणाऱ्यांना हे खुशाल दाखवा. त्यापेक्षा तुमच्या गटात कोणी पूर्वी बडबडी होती आणि आता मीटिंगला मागे जाऊन गप्प बसते, अशी असेल तर शिबिर सुटल्यावर तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत जा. टेली-मानसचा नंबर वर पहिल्या उत्तरात दिलाय, तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.