१ ते १५ ची ओळ: तपासणी शेवटी नको, संख्या ठेवतानाच हवी

तासगावहून तुम्ही विचारले आहे की, १ ते १५ या संख्या एका ओळीत अशा मांडायच्या आहेत की शेजारच्या कोणत्याही दोन संख्यांची बेरीज पूर्ण वर्ग यावी. पण प्रोग्राम रात्रभर चालूनही उत्तर देत नाही. तुमचा प्रोग्राम चुकीचा नाही, मात्र आधी सगळ्या मांडण्या तयार करायच्या आणि मग एकेक तपासायची, ही पद्धत येथे पुरी पडत नाही. पंधरा संख्यांच्या १३,०७,६७,४३,६८,००० मांडण्या होतात, आणि सेकंदाला दहा लाख तपासल्या तरी पंधरा दिवस लागतात.

ओळ १, २ अशी सुरू झाली की बेरीज ३ येते आणि ती ओळ तिथेच बाद होते. तरीही उरलेल्या तेरा संख्यांच्या ६,२२,७०,२०,८०० मांडण्या तुमचा प्रोग्राम पूर्ण करतो आणि मग नाकारतो. बॅकट्रॅकिंगमध्ये, म्हणजे वाट खुंटली की मागे फिरून दुसरी वाट घेण्याच्या पद्धतीत, ही तपासणी संख्या ठेवण्याआधीच होते, म्हणून हा सगळा पसारा जन्मालाच येत नाही.

रिकर्सिव्ह फंक्शनने, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलवणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याने, न वापरलेली आणि ओळीतल्या शेवटच्या संख्येशी जुळणारी संख्या ठेवावी, ती वापरल्याची खूण करावी, पुढच्या जागेसाठी स्वतःलाच बोलवावे आणि परत आल्यावर ती संख्या काढून खूणही पुसावी. खूण पुसायची राहिली तर प्रोग्राम क्षणात थांबून उत्तर नसल्याचे सांगतो. संथ प्रोग्रामपेक्षा हे अधिक घातक आहे, कारण कुठेही एरर दिसत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आणखी एक काळजी घ्यावी: सापडलेली ओळ साठवताना ती ज्या लिस्टमध्ये (यादीत) असते तिची कॉपी साठवावी, नाहीतर परतताना तीच लिस्ट रिकामी होत जाते.

सांगलीत विश्रामबागला रविवारी जमणाऱ्या मुलांना मी हे कोडे आधी चिठ्ठ्यांवर सोडवायला लावतो, कारण परत फिरणे म्हणजे काय हे हाताने केल्यावर पक्के समजते. प्रत्येक संख्येचे शेजारी लिहून काढले की ८ ला फक्त १ चालतो आणि ९ ला फक्त ७, हे लगेच दिसते. म्हणजे ही दोन्ही टोकेच असणार. म्हणून सुरुवात ८ पासून करावी. ८, १, ३, ६, १०, १५ येथे वाट खुंटते. मागे ३ वर येऊन १३ घेतले, तर १२, ४, ५, ११, १४, २, ७, ९ असे थेट टोक गाठता येते, पण ६, १० आणि १५ बाहेरच राहतात. आणखी मागे १ वर येऊन १५ घेतले की ओळ पूर्ण होते: ८, १, १५, १०, ६, ३, १३, १२, ४, ५, ११, १४, २, ७, ९. उलटी वाचली तर वेगळी धरू नये. त्याशिवाय दुसरे उत्तर नाही.

संख्यांचा पल्ला वाढवून पाहिला तर १६, १७ आणि २३ पर्यंतच्या ओळी मिळतात, पण १८ ते २२ साठी मिळत नाहीत. १८ चे कारण तर प्रोग्राम न चालवताही कळते: १६ ला फक्त ९, १७ ला फक्त ८ आणि १८ ला फक्त ७ चालतो, त्यामुळे तिघांनाही टोक हवे, आणि ओळीला टोके दोनच असतात. नवा प्रोग्राम लिहिल्यावर १५ ते २३ या सर्व संख्यांसाठी तो चालवून हीच उत्तरे येतात का ते पाहावे.