परदेशी फराळाचे पार्सल : किती वजन, किती घेर?

नवरात्र संपत आले की परदेशातल्या मुला-नातवंडांना फराळ पाठवण्याची धावपळ सुरू होते आणि त्याबरोबर माझ्याकडे तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो : "मर्यादा किती किलोची?" लोकांना एक आकडा हवा असतो आणि तसा एक आकडा नाही. पार्सल भरून, चिकटपट्टी लावून झाल्यावरचे वजन, त्याची सर्वांत लांब बाजू, आणि लांबी व घेर यांची बेरीज, अशा तीन गोष्टी पाहिल्या जातात. त्यांतली एक जरी ओलांडली गेली, तरी पार्सल खिडकीवरून परत येते. पार्सलच्या खिडकीमागे मी बरीच वर्षे काढली आहेत. परत पाठवलेले पार्सल पुन्हा रिक्षात घालून घरी नेणारी वयस्क माणसे मी पाहिली आहेत, म्हणून या वेळी काही प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

घरच्या काट्यावर चकल्या आणि शंकरपाळे मिळून १,९५० ग्रॅम भरले. दोन किलोपर्यंतचे परदेशी पाकीट म्हणून घेतील ना? (विलेपार्ले)

नाही, कारण डबा, खोका आणि चिकटपट्टी यांचेही वजन त्या दोन किलोंतच धरले जाते. जिन्नस दीड किलोच्या आसपास ठेवावा आणि सर्व बांधून झाल्यावर पुन्हा तोलावे.

खोक्याची एकही बाजू एक मीटरपेक्षा मोठी नसेल तर चालते, असे शेजाऱ्यांनी सांगितले. आमचा खोका ६० × ४० × ४० सेंटिमीटरचा आहे. (मुलुंड)

शेजाऱ्यांनी सांगितले ते अर्धे आहे आणि अर्ध्या माहितीनेच अधिक नुकसान होते. टपालाच्या पार्सलात सर्वांत लांब बाजू ही 'लांबी' आणि त्या लांबीला आडवी टेप संपूर्ण गुंडाळली असता येणारे माप हा 'घेर'. चौकोनी खोक्याचा घेर म्हणजे रुंदी आणि उंची यांच्या बेरजेची दुप्पट. आपल्या खोक्याचा घेर १६० सेंटिमीटर झाला, त्यात लांबीचे ६० मिळवले की २२० होतात.

१८७४ साली स्थापन झालेल्या आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथे मुख्यालय असलेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार पार्सलची एखादी बाजू २ मीटरपर्यंत आणि लांबी अधिक घेर ३ मीटरपर्यंत असू शकतो. परंतु ज्या देशांना इतके मोठे पार्सल हाताळणे शक्य नाही त्यांना लहान मर्यादा ठेवण्याची मुभा आहे आणि त्यांतली सर्वांत लहान मर्यादा एका बाजूला १.०५ मीटर व बेरजेला २ मीटर अशी आहे. म्हणजे आपला खोका एका देशासाठी निर्धास्तपणे स्वीकारला जाईल आणि दुसऱ्या देशासाठी २० सेंटिमीटरमुळे नाकारला जाईल, तोही एकही बाजू एक मीटरच्या जवळपास नसताना.

आणखी एक गोष्ट. माप रिकाम्या खोक्याचे घेऊ नये. ठासून भरलेला खोका फुगतो, आणि रुंदी व उंची तीन-तीन सेंटिमीटरनी वाढली तर हिशेबात घेर बारा सेंटिमीटरनी वाढतो. शिंप्याची टेप घ्यावी, खोका सर्वांत फुगलेला असेल तिथे ती फिरवावी आणि तो आकडा लिहून घ्यावा. आपण देशाचे नाव कळवलेले नाही. ते नाव आणि हे माप घेऊन परदेशी पार्सल स्वीकारणाऱ्या डाकघरात आधी विचारून यावे.

अमेरिकेतील मुलगी म्हणते की मर्यादा १०८ इंचांची आहे. मग एवढा मोठा खोका इथून जाईल का? (बोरीवली)

१०८ इंच, म्हणजे सुमारे २७४ सेंटिमीटर, ही अमेरिकेच्या टपाल सेवेची तिथल्या बहुतेक सेवांसाठीची मर्यादा आहे. ती एका बाजूची नसून लांबी अधिक घेर यांची आहे आणि तिच्याबरोबर ७० पौंडांची, म्हणजे पावणेबत्तीस किलोंची, वजनमर्यादा असते. मुलगी तिथून पार्सल पाठवणार असेल तर तिच्यासाठी हा आकडा खरा. इथून पाठवताना मात्र भारतीय टपालाने त्या देशासाठी आणि त्या सेवेसाठी लावलेली मर्यादाच पाळावी लागते.

भाऊबीजेचे ओवाळणीचे पाकीट अगदी लहान आहे. परदेशी चालेल का? (चेंबूर)

किमान ९ × १४ सेंटिमीटर हवे. त्याहून लहान असेल तर मोठ्या पाकिटात घालावे.

नातवाला कॅनडात आकाशकंदील पाठवायचा आहे. कंदिलाचे वजन जेमतेम सहाशे ग्रॅम असताना कुरियरच्या एजंटने १३ किलोंचे पैसे मागितले. ही फसवणूक नाही का? (गिरगाव)

आपल्या पत्रावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण दर दिवाळीला याच एका गोष्टीपायी लोकांचे सर्वांत जास्त पैसे जातात. आपण खोका ४० × ४० × ४० सेंटिमीटरचा असल्याचे कळवले आहे. तिन्ही मापांचा गुणाकार ६४,००० होतो. कुरियर व्यवसायात या गुणाकाराला सर्रास ५,००० ने भागतात आणि येणाऱ्या उत्तराला व्हॉल्यूमेट्रिक वजन, म्हणजे जागेवरून धरलेले वजन, म्हणतात. ते इथे १२.८ किलो आले. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे अधिक असेल त्याचे पैसे घेतात आणि तेही पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वाढवून; म्हणून तेरा.

या नियमामागचे कारण खोटे नाही. विमानाच्या पोटातली जागा अनेकदा वजनाच्या आधी संपते, आणि हलका पण ऐसपैस खोका दुसऱ्याच्या मालाची जागा अडवतो. माझा राग आहे तो हा हिशेब गिऱ्हाइकाला पैसे भरण्याची वेळ येईपर्यंत न सांगण्यावर. फलकावर 'इतके रुपये किलो' असा दर ठळक लिहिलेला असतो, पण तो किलो काट्यावरचा की टेपेवरचा, हे कुठेही लिहिलेले नसते. त्यातच खोका एजंटचा असतो, तो गरजेपेक्षा मोठा निवडला जातो, उरलेली पोकळी वर्तमानपत्रांच्या बोळ्यांनी भरली जाते आणि त्या पोकळीचे पैसे आजी-आजोबा भरतात. काही ठिकाणी भागाकार ५,००० ऐवजी ४,००० ने करतात. तसे केले तर आपल्याच कंदिलाचे वजन १६ किलो होईल. विमानमालाच्या वाहतुकीत ६,००० ने भागण्याची रीत आहे. भाजक जितका लहान, तितके वजन जास्त, हे ध्यानात ठेवावे आणि पैसे देण्यापूर्वी भाजक कोणता, हा प्रश्न थेट विचारावा. पावतीवर तिन्ही मापे आणि दोन्ही वजने लिहून मागावीत. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे पार्सल सोपवू नये. पुढच्या केंद्रात पुन्हा मोजमाप झाले म्हणून नंतर जादा पैशांसाठी फोन आल्याच्या तक्रारी माझ्याकडे आहेत आणि तेव्हा हातात मापांची पावती नसेल तर बोलायला काही उरत नाही.

आता उपाय. कंदील जोडलेल्या स्थितीत पाठवूच नये. काड्या, कागद आणि झिरमिळ्या सुट्या करून ४५ × ३० × ८ सेंटिमीटरच्या चपट्या खोक्यात ठेवाव्यात. याच हिशेबाने त्याचे जागेवरचे वजन २.१६ किलो भरते, म्हणजे तेराऐवजी अडीच किलोंचे पैसे. त्याहून चांगली गोष्ट अशी की हा चपटा खोका टपालाच्या दोन किलोपर्यंतच्या परदेशी पाकिटातही बसतो : तिथे लांबी, रुंदी आणि उंची यांची साधी बेरीज ९० सेंटिमीटरपर्यंत आणि सर्वांत लांब बाजू ६० सेंटिमीटरपर्यंत चालते, आणि आपली बेरीज ८३ होते. जोडलेल्या कंदिलाची बेरीज १२० झाली असती.

फराळालाही हेच लागू आहे. एकदा एक बाई टीव्हीच्या खोक्याएवढा खोका घेऊन खिडकीवर आल्या होत्या. आत तळाशी चिवडा आणि करंज्यांचे दोन डबे होते. वर सगळे कागद. आम्ही खोका उघडला, डब्यांच्या उंचीपाशी आतून रेघ मारली, चारही कोपऱ्यांना वरून त्या रेघेपर्यंत उभे छेद दिले आणि वरच्या बाजू आत दुमडून झाकण केले. खोका निम्म्याहून कमी उंचीचा झाला आणि डबे हलायचेही थांबले. यासाठी एक कटर आणि दहा मिनिटे लागतात. हे घरी करून मगच बाहेर पडावे.

टपाल खात्याच्या पार्सल सेवांतही जागेवरचे वजन धरण्याची पद्धत आली आहे, म्हणून निवडलेल्या सेवेला ती लागू आहे का, हे खिडकीवर विचारून घ्यावे. काड्या बांबूच्या असतील तर आणखी एक चौकशी करावी, कारण वनस्पतिजन्य वस्तूंबाबत काही देशांचे, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे, नियम कडक आहेत. कॅनडाबद्दल नातवाने तिथून विचारून घेतलेले बरे.

मोठे चित्र गुंडाळी करून परदेशी पाठवता येईल का? (दादर)

येईल. पाकिटाच्या दरात बसवायचे असेल तर नळीची लांबी ९० सेंटिमीटरच्या आत असावी आणि लांबी अधिक व्यासाची दुप्पट ही बेरीज १०४ सेंटिमीटरच्या आत यावी. ८५ सेंटिमीटरची नळी आठ सेंटिमीटर व्यासाची असेल तर बेरीज १०१ होते आणि ती चालते. दोन्ही टोकांची टोपणे लावून मगच लांबी मोजावी.

अंध शाळेसाठी ब्रेल पुस्तके पाठवायची आहेत. मर्यादा किती? (वांद्रे)

एका पाकिटाला ७ किलो. सवलतीसाठी पाकिटावर काय लिहायचे ते डाकघरातून समजून घ्यावे.

ज्ञान पोस्टने नागपूरच्या भाचीला साडेसहा किलो पुस्तके आणि दिवाळी अंक पाठवता येतील का? (ठाणे)

१ मे २०२५ पासून सुरू झालेल्या या सेवेत एका पाकिटाची कमाल मर्यादा ५ किलो आहे आणि दर ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, अधिक कर, असे आहेत. म्हणून दोन पाकिटे करावीत. पण ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी आहे. प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव छापलेले असावे लागते आणि जाहिराती असलेला मजकूर चालत नाही. जाहिरातींनी भरलेले दिवाळी अंक त्यात घालून सगळे पाकीट अडवून घेऊ नये. ते वेगळ्या सेवेने पाठवावेत.

स्पीड पोस्टला ३५ किलो चालतात ना? मग गावी सगळे एकाच खोक्यात पाठवतो. (भांडुप)

देशांतर्गत स्पीड पोस्टची कमाल मर्यादा ३५ किलो आहे, हे बरोबर. परंतु आपले गाव शाखा डाकघराच्या हद्दीत असेल तर आधी तिथे चौकशी करावी. जुन्या नियमपुस्तकात पार्सलला इतरत्र २० किलो आणि शाखा डाकघरासाठी १० किलो असा फरक होता आणि त्याला सबळ कारण होते, कारण शेवटचा टप्पा एक माणूस सायकलवरून किंवा पायी पार करतो. दहा-दहा किलोंचे तीन खोके करणे त्या माणसाच्या आणि आपल्या मालाच्याही हिताचे आहे.

गुरूंचा तंबोरा लंडनला पाठवायचा आहे. ईएमएसने जाईल का? (शिवाजी पार्क)

ईएमएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टच्या सर्वसाधारण मर्यादा एका बाजूला दीड मीटर, लांबी अधिक घेर तीन मीटर आणि वजन ३० किलो अशा आहेत. १४० सेंटिमीटरच्या तंबोऱ्याला दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटरचे अस्तर दिले तरी तो दीड मीटरला टेकतो. भोपळ्यासाठी खोका किमान ४५ × ४० चा धरला, तर घेर १७० आणि बेरीज ३२० होते. वजन दहा किलोही नसताना तो आकारावर अडकेल. अस्तर कमी करून माप जुळवण्याचा विचार कृपा करून करू नये. भोपळा एकदा तडकला की त्या वाद्याचा तो आवाज परत येत नाही. हा माल विमानमाल वाहतुकीचा आहे. वाद्य बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या जाणत्या माणसाकडून, मिरजेशी संबंध असल्यास तिथल्या कारागिरांकडून, पेटी करून घ्यावी आणि विम्याचे बोलणे आधी करावे.

दिवाळीला बारा दिवस उरले आहेत. अमेरिकेला फराळ वेळेवर पोहोचेल का? (अंधेरी)

तसे आश्वासन मी देणार नाही आणि जो एजंट छातीठोकपणे देतो, त्याच्याकडून ते लेखी मागावे. हाच प्रश्न दरवर्षी शेवटच्या पंधरवड्यात येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण महिनाभर आधी विचारला असता तर स्वस्त आणि निवांत मार्ग सुचवता आला असता. २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलवरची करमाफी काढून घेतल्यावर २५ ऑगस्टपासून तिकडच्या बहुतेक टपालाचे बुकिंग थांबले होते. ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले, तेव्हा लक्ष्मीपूजनाला सहा दिवस उरले होते. म्हणून जुन्या अनुभवावर विसंबू नये. करंज्या तळायला घेण्यापूर्वी मुंबई जीपीओत किंवा बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवनात जाऊन त्या दिवशी बुकिंग सुरू आहे का, मर्यादा काय आहे आणि सीमाशुल्क कोण भरणार आहे, हे विचारून यावे. जाताना रिकामा खोका बरोबर न्यावा आणि तिथेच मोजून घ्यावा; भरल्यावर तो थोडा फुगेल, तेवढी जागा मापात सोडावी.