प्रोग्रॅम जीनोममधले फरक शोधून देतोच, मग शास्त्रज्ञ त्याची चित्रं कशाला बघत बसतात?

मी हरभऱ्याच्या सिक्वेन्सिंग डेटावर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून मिळालेल्या माहितीवर, काम करते, त्यामुळे तुमचा प्रश्न रोजच्यातलाच आहे. हे सगळं फक्त सादरीकरणासाठी असतं का, असं तुम्ही विचारलंय. तेही असतं, नाही असं नाही. पण प्रोग्रॅमने दिलेल्या यादीवर कितपत विसंबायचं, हे चित्र उघडल्याशिवाय कळत नाही.

हरभऱ्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण 74 कोटी अक्षरांचा (अक्षरं चारच: ए, सी, जी, टी). 2013 साली तो प्रसिद्ध झाला, तो सीडीसी फ्रंटियर या कॅनडातल्या काबुली वाणाचा. आपल्या वाणाचं सिक्वेन्सिंग केलं की दीडेकशे अक्षरांचे तुकडे, म्हणजे रीड, कोट्यवधींनी मिळतात. ते फ्रंटियरच्या जीनोमवर जिथे जुळतील तिथे बसवायचे. तिथे ए आणि आपल्याकडे जी असेल, तर प्रोग्रॅम तशी नोंद करतो. अशा नोंदी लाखांनी येतात.

त्यातली एक उघडून बघू. टॅब्लेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या संस्थेत (आजची जेम्स हटन इन्स्टिट्यूट) तयार झालेलं. वर संदर्भाची, म्हणजे फ्रंटियरच्या जीनोमची, ओळ, खाली रीडचा थर, न जुळणारं अक्षर उठून दिसतं. यादी म्हणते, या जागी ए आणि जी निम्मे-निम्मे. पण हरभरा स्वपरागित पीक. फूल उमलायच्या आधीच परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे शुद्ध वाणात दोन्ही बाजूंनी आलेलं अक्षर एकच असतं आणि निम्मे-निम्मे दिसलं की शंका यायलाच हवी. जरा बाजूला सरकून बघावं तर शेजारी तीसेक रीडचा थर आणि या पट्ट्यात एकदम साठ. शिवाय अशा संशयास्पद जागा इथेच दाटीवाटीने, आणि ज्या रीडवर जी आहे त्यांच्यावरच पुढचीही वेगळी अक्षरं. म्हणजे वाणात या भागाच्या दोन प्रती आहेत आणि संदर्भात एकच. दोन्हींचे रीड एकाच जागी येऊन बसलेत. यावरून मार्कर, म्हणजे रोपं तपासायची डीएनएतली खूण, केला, तर तो जवळजवळ प्रत्येक रोपात तेच उत्तर देईल. पैसे पाण्यात.

असं गाळायचे नियम प्रोग्रॅममध्ये घालता येतात आणि आम्ही घालतोही. पण कुठला नियम घालायचा, हे असे थर बघूनच सुचतं. लाखो जागा अर्थातच कुणी बघत नाही. मार्करसाठी निवडलेल्या बघतो, बाकीच्यांतला नमुना.

पैदासकाराचं, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याचं, चित्र निराळं. आयसीसी 4958 या हरभऱ्यात अवर्षणाला तोंड देणारा जीनोमचा एक तुकडा आहे. तो पुसा 372 मध्ये आणून 2019 साली पुसा 10216 हा वाण आला. असं काम करताना संकरित रोपांचा पुन्हापुन्हा मूळ वाणाशी (इथे पुसा 372) संकर करतात आणि दर वेळी दात्याचा (इथे आयसीसी 4958) वाटा सरासरी निम्म्यावर येतो. सरासरी! फ्लॅपजॅकमध्ये (हेही त्याच संस्थेचं) प्रत्येक रोपाची एक ओळ, प्रत्येक मार्करचा एक स्तंभ, मूळ वाण एका रंगात, दाता दुसऱ्या. दोन रोपांत दात्याचा वाटा सहा-सहा टक्केच, पण एकात तो इकडेतिकडे विखुरलेला आणि दुसऱ्यात हव्या तुकड्याला चिकटून लांबलचक पट्टा. विखुरलेलं पुढच्या संकरात सहज झडतं. चिकटलेलं हटता हटत नाही आणि सोबत दात्याचे नको ते गुणही आणू शकतं. आकड्यांच्या तक्त्यात ही दोन रोपं सारखीच. ओळी एकाखाली एक लावल्या की कुठलं ठेवायचं, हे पैदासकार पटकन सांगतो.

तुम्ही प्रोग्रॅमर आहात म्हणून एक सांगते, इथे रंगसंगतीपेक्षा वेगाची पंचाईत मोठी. फाइल कित्येक जीबीची, आणि बघणाऱ्याला एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर क्षणात उडी मारायची असते. त्यासाठी फाइलला इंडेक्स लावून पडद्यावर दिसणारा तेवढाच भाग वाचतात. दोन्ही सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि टॅब्लेटमध्ये एखादी बॅम फाइल (जुळवून बसवलेल्या रीडची) उघडून बघा.