चित्राची मागची बाजू

चि. चित्रकारास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले चित्र संग्रहालयात कसे पोहोचते, असे तू विचारले आहेस. त्या प्रश्नात थोडी अधीरता आहे आणि ती तुझ्या वयाला शोभते. पण संग्रहालयाचा विचार करण्याआधी नुकत्याच पूर्ण केलेल्या कॅनव्हासची मागची बाजू एकदा पाहा. तिथे तुझे नाव, शीर्षक, वर्ष, माप आणि माध्यम लिहिलेले आहे का? अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या अनेक चित्रांच्या मागे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत सही असून शेजारी वर्षही आढळते. चित्रकार हयात नसतो तेव्हा अभ्यासकाचा पहिला आधार तीच ओळ असते. मात्र हा मजकूर कॅनव्हासवर दाबून लिहू नकोस, कारण दाबाची खूण पुढे रंगाच्या थरावर उमटू शकते. तो लाकडी चौकटीवर मऊ पेन्सिलीने लिहावास.

गायतोंडे मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील स्टुडिओत काम करीत असत. १९६२ साली त्यांनी केलेले एक चित्र १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दाखल झाले, आणि तेही खरेदीने नव्हे, तर एका देणगीदार बाईंनी भेट दिल्यामुळे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे दार १९५४ मध्ये उघडले, तेव्हा त्याच्या संग्रहाच्या गाभ्याशी अमृता शेरगिल यांची चित्रे होती आणि त्यांतली कित्येक कुटुंबीयांनी दिलेली होती. म्हणून भेट म्हणून गेलेल्या चित्राला कमी लेखू नकोस. संग्रहालयांच्या खरेदीच्या रकमा तुटपुंज्या असतात. कित्येक चांगली चित्रे आधी एखाद्या जाणत्या संग्राहकाच्या घरी राहतात आणि तिथून पुढे जातात.

खरेदी असो वा भेट, अभिरक्षक (क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा) संग्रहालयाच्या समितीपुढे प्रस्ताव मांडतो, तेव्हा त्याला केवळ चित्र पुरत नाही. ते कधी केले, कुठे प्रदर्शित झाले, कोणाला विकले, मधल्या काळात कोणाकडे होते, ही साखळी कागदावर जुळावी लागते. बिलाची प्रत, प्रदर्शनाची पुस्तिका आणि चित्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो तू स्वतःजवळ ठेवावेस. विक्रीबरोबर वस्तूची मालकी जाते, प्रताधिकार (कॉपीराइट) मात्र लेखी दिल्याखेरीज तुझ्याकडेच राहतो. दुसऱ्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राला वेगळा नियम आहे, तो काम स्वीकारण्याआधीच समजून घे.

आता प्रत्यक्ष प्रवासाविषयी, कारण चित्रांची सर्वाधिक हानी इथेच होताना मी पाहत आलो आहे. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आत कित्येक महिने ओलसर असतो, आणि अशा पृष्ठभागावर बबल रॅप थेट गुंडाळल्यास त्याचे गोल वळ रंगावर कायमचे उमटतात. आधी ग्लासीनसारखा गुळगुळीत कागद, कोपऱ्यांना गाद्या आणि मगच बबल रॅप, तेही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. कॅनव्हास गुंडाळण्यावाचून इलाजच नसेल तर जाड व्यासाच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा. आत ठेवल्यास रंगाचा थर दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात. चित्र संग्रहालयात पोहोचले तरी पेटी लगेच उघडत नाहीत. दालनातील तापमान आणि आर्द्रता लाकडाला व कापडाला सोसवावी, म्हणून साधारण दिवसभर ती तशीच ठेवतात. त्यानंतर बाजूने तिरपा प्रकाश टाकून प्रत्येक चीर, उचललेला पापुद्रा आणि डाग स्थिती-अहवालात नोंदवतात. असाच अहवाल, साध्या शब्दांत आणि फोटोंसह, चित्र स्टुडिओतून निघतानाही तू करून ठेवावास. वाटेत इजा झाली तर विमा कंपनीपुढे तोच पुरावा ठरतो.

गायतोंडे २००१ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा आशिया, युरोप आणि अमेरिकेतील सार्वजनिक व खासगी संग्रहांतून चित्रे मागवावी लागली. कोणते चित्र कुठे आहे हे शोधूनच असे प्रदर्शन उभे राहते, आणि जिथे नोंद नाही तिथे चांगले चित्रही हाती लागत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

तू नोंदवही आजच सुरू कर. नव्या कामांच्या नोंदी पुढेही होतील. आधी विकल्या गेलेल्या चित्रांची यादी करावीस, कारण खरेदीदारांचे पत्ते बदलतात आणि ती माहिती दर वर्षी अधिक दुर्मीळ होत जाते.

तुझा हितचिंतक