2020 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या सगळ्या कसोटी साउदम्प्टन आणि मँचेस्टरलाच का झाल्या?

हॉटेलमुळे! या दोन्ही मैदानांवरच हॉटेल आहे, त्यामुळे कोरोनाकाळात खेळाडूंना बाहेर न सोडता मालिका उरकता आल्या. वेस्ट इंडीज आणि पाकिस्तानविरुद्धच्या सहाही कसोटी तिथेच, रिकाम्या स्टँडसमोर झाल्या; लॉर्ड्सच्या वाट्याला एकही नाही. ब्लॅकवूडच्या 95 धावांवर वेस्ट इंडीजने पहिली कसोटी मारली आणि टाळ्या वाजवायला प्रेक्षकच नव्हते, याची मला अजून हळहळ वाटते.

नियम मात्र कडक. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर वाटेत घरी जाऊन आला आणि मँचेस्टरच्या पहिल्या कसोटीला मुकला. चेंडू चमकवायला थुंकी लावायलाही बंदी होती, आणि त्या चमकेवरच चेंडू हवेत वळतो, म्हणजे स्विंग होतो. आता स्विंग संपला, अशी ओरड झाली खरी, पण इंग्लंडच्या अँडरसनने 600वा कसोटी बळी त्याच उन्हाळ्यात घेतला.